न चढलेल्या पायऱ्या

४ मार्च

भिंगरे,

तुझा चष्म्याचा डबा सभागृहात खुर्चीखाली सापडला. आत चष्मा नाही, नुसतं फडकं आहे. तरी पाठवते आहे, म्हणजे या पाकिटाला काहीतरी कारण झालं. फोन तू उचलत नाहीस. घरच्या ग्रूपमधून बाहेर पडलीस. दादाला विचारलं तर म्हणतो, "तुम्हा आत्या-भाचीच्या भांडणात मला ओढू नका." तुझा बाप लहानपणापासून असाच. घरात आवाज चढले की ह्याला नेमकी तहान लागायची आणि हा स्वयंपाकघरात जाऊन तासभर पाणी प्यायचा.

दोन आठवडे झाले, आता पुरे. मी असं काय केलं? तू भर सभेत सांगितलंस की उन्हाळे तापत चाललेत, तेव्हा एप्रिल-मे दुपारी बारा ते चार उघड्यावरचं काम बंद ठेवा. वखारीच्या मालकांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या वहीत काय आहे?" वहीत होतं ते मी वाचलं. शाळेमागच्या टेकाडावरच्या पेटीतलं तापमान मी सत्तावीस वर्षं लिहिलं. पहिल्या दहा वर्षांची सरासरी आणि शेवटच्या दहा वर्षांची सरासरी शेजारी ठेवली, तर फरक असून नसल्यासारखा. तू लावलेलं तापमान मोजायचं यंत्र जेमतेम पाच वर्षांचं. त्याला "कालचं पोर" म्हणायला नको होतं, हे मान्य. लोक हसले आणि तू लाल झालीस. पण मी यंत्राला म्हणाले होते, तुला नाही.

मग तू उठून हळूच विचारलंस, "आत्या, हे सगळे आकडे तू स्वतः घेतलेस? रोज?"

मी म्हणाले, "रोज."

तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि खाली बसलीस. पुढे चकार शब्द नाही. मांडायचं होतं ते मांडायचंस की! मी काय तुझं तोंड धरलं होतं? ठराव बारगळला तो तू गप्प बसलीस म्हणून, माझ्यामुळे नाही.

डबा मिळाल्याचं कळव.

आत्या


२ एप्रिल

भिंगरे,

डबा मिळाला असणार, कारण परत आला नाही.

इथे मी फारच मोठी बाई झाले आहे. मालकांच्या माणसाने सभेत माझा व्हिडिओ काढला होता, तो आता कुठे कुठे फिरतो आहे. "सत्तावीस वर्षं रोज पारा पाहणाऱ्या शिक्षिकेने तापमानवाढीचा फुगा फोडला." खाली टाळ्यांची चित्रं. ज्या मुलांना मी नकाशात नदी दाखवता दाखवता थकले, ती आता पोक्त होऊन मला लिहितात, बाई, तुम्ही डोळे उघडलेत. भाजीवालीने काल माझ्याकडून पिशवी घेऊन स्वतः भरून दिली.

ग्रूपवर आपले मावसकाका रोज एक पाठवतात. उत्तरेकडे बर्फ वाढला, शास्त्रज्ञांनीच कबुली दिली, वगैरे. पूर्वी तू प्रत्येकाखाली तेच तीन प्रश्न लिहायचीस, आठवतं? कोणी मोजलं, कुठे मोजलं, कसं मोजलं. आम्ही तुला "तीन प्रश्नवाली" म्हणून चिडवायचो. आता विचारणारं कोणी नाही, त्यामुळे काका सुसाट सुटले आहेत. परवा माझाच व्हिडिओ त्यांनी मला पाठवला, वर लिहिलं, "ही बाई बघ, किती हुशार आहे."

मी हसले. मग पंखा मोठा केला.

यंदा जरा जास्तच उकडतं आहे, असं मला वाटतं. पण वाटण्याचं काय, वयाचंही असेल. आपल्या शाळेतले शिपाईमामा परवा येऊन गेले. निवृत्त झाल्यापासून ते त्याच वखारीत लाकडं मोजून रचायला असतात, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, "मामा, दुपारचं जरा सावलीत बसत जा." तर म्हणाले, "बाई, तुम्हीच तर सांगितलंत, ऊन तेवढंच आहे. आपण म्हातारे झालो, म्हणून जास्त वाटतं." आणि माझ्याच वाक्यावर खूष होऊन हसले.

मी त्यांना चहा दिला.

गुडघा बरा आहे. म्हणजे बरा नाहीच, पण तू विचारलं नाहीस.

आत्या


२९ एप्रिल

भिंगरे,

मामा वखारीत पडले. दुपारी अडीचच्या सुमाराला. अंगाला हात लावला तर चटका बसत होता म्हणे, आणि घामाचा थेंब नव्हता. तीन दिवस शुद्ध नाही.

दादा सांगेलच तुला, पण माझ्याकडून कळावं असं वाटलं. का ते आत्ता लिहीत नाही.

आत्या


६ मे

भिंगरे,

मामा शुद्धीवर आले. इस्पितळातल्या त्या लांब खोलीत सोळा खाटा आहेत, त्यातल्या सात उन्हाने पडलेल्यांच्या. मी मोजल्या. मोजायची सवय जात नाही.

त्यांचा उजवा हात थरथरतो आहे. डॉक्टर म्हणतात, हळूहळू कळेल. मला बघून ते उठायला गेले. सव्वीस वर्षं मी वर्गात शिरले की हा माणूस दाराशी उभा राहायचा, ती सवय तरी कुठे जाते? मी खांदा धरून निजवलं. तर मला म्हणतात, "बाई, चूक माझीच. डोक्याला फडकं बांधलं नव्हतं. तुमच्या नावाला उगाच बट्टा लागेल." त्यांची बायको पायाशी बसली होती. ती काहीच बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि तेच बरं वाटलं.

आता लिहिते. दोनदा लिहून फाडलं आहे, त्यामुळे अक्षर खराब आलं तर चालवून घे.

मी रोज चढत नव्हते.

पहिली सोळा वर्षं चढले. चौऱ्याऐंशी पायऱ्या, संध्याकाळी शाळा सुटली की. तू सात-आठ वर्षांची होतीस तेव्हा माझ्या पुढे गरगर फिरत वर जायचीस, म्हणून तर हे नाव पडलं तुला. पांढऱ्या पेटीची झडपांची दारं उघडायचीस, आडव्या नळीतला पारा वाचायचीस. दिवसभरात जिथवर चढला तिथेच तो थांबतो, आपण वाचून झटकून खाली आणायचा, हे तुला एकदाच सांगावं लागलं. आणि दुसरं काय सांगितलं होतं मी? एखाद्या दिवशी येता आलं नाही तर रकान्यात रेघ मारायची. आकडा मनाने लिहायचा नाही. रेघ मारण्यात लाज नसते.

माझंच वाक्य. वर्गात फळ्यावर लिहायचे मी ते.

सतराव्या वर्षी गुडघा गेला. पहिले तीन-चार महिने रेघा मारल्या, पुष्कळ मारल्या. मग वरून तपासणी येणार असं कळलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमची वही दाखवणार आहोत हं. शाळेचा मान आहे तो." मी वही उघडली तर पानंच्या पानं रेघांची. शरम वाटली, तीही चुकीच्या गोष्टीची. मग मी दहा वर्षांपूर्वीची वही काढली, तीच तारीख बघितली, आणि तिथला आकडा इथे लिहिला. दशांश इकडचा तिकडे. एक शनिवार-रविवार लागला. जुन्या रेघांवर नवी पानं डकवली.

तपासनीस पानं उलटत म्हणाले, "एकही दिवस चुकला नाही?" आणि मला ते "अखंड नोंदी"चं मानपत्र मिळालं, जे आपल्या बाहेरच्या खोलीत इतकी वर्षं टांगलेलं आहे आणि ज्याची काच तू सुट्टीत आलीस की पुसायचीस. त्यानंतर रेघ मारायची सोयच उरली नाही. अखंड ते अखंड. पुढची अकरा वर्षं मी सोमवार-गुरुवार चढले. बाकीचे दिवस खुर्चीत बसून उतरवले.

आता सांग, दहा वर्षांपूर्वीचेच आकडे लिहिले तर सरासरी बदलेल कशी? वखारीचे मालक नाचत होते त्या फरक नसण्यावर, आणि मीही त्यांच्याबरोबर. भूगोल शिकवलेली बाई मी! मांजर डोळे मिटून दूध पितं, पण निदान त्याला पुढे व्हिडिओत टाळ्या तरी मिळत नाहीत.

तू विचारलंस तेव्हा सगळी सभा माझ्याकडे बघत होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मामांना हे सांगितलेलं नाही. धीर झाला नाही.

आत्या


११ मे

भिंगरे,

आज वह्या काढल्या. ठरवलं होतं की उतरवलेल्या प्रत्येक आकड्यापुढे खूण करायची, म्हणजे लोकांना दाखवता येईल. शिसपेन्सिल घेऊन बसले. सतरावं वर्ष उघडलं.

खुणा आधीच होत्या.

बारीक ठिपके, शिसपेन्सिलीचे, समासात. भिंग लावल्याशिवाय दिसू नयेत असे. मंगळवारपुढे ठिपका, बुधवारपुढे ठिपका, गुरुवारी नाही. अकरा वर्षं उलटत गेले. तू एकही सोडलेला नाहीस. सतराव्या वर्षाच्या डकवलेल्या पानाचा कोपरा सुटा करून पुन्हा चिकटवलेला आहे, तोही किती जपून.

जानेवारीत तू वह्या संगणकात उतरवायला म्हणून नेल्यास आणि आठवड्याने परत आणून दिल्यास. मी विचारलं, "काय, आहे ना पक्कं काम?" तू म्हणालीस, "अक्षर छान आहे तुझं." आणि जेवून गेलीस.

म्हणजे सभेत तुला माहीत होतं. तुझ्या पिशवीत कागद होते. दोन वर्षांची दोन पानं वर धरली असतीस तर काम एका मिनिटात झालं असतं. त्याऐवजी तू मला विचारलंस, रोज? सगळ्यांसमोर मला दार उघडून दिलंस की आत्या, ये बाहेर, तूच सांग. आणि मी ते दार तुझ्या तोंडावर लावलं.

तू गप्प बसलीस म्हणून ठराव बारगळला, असं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं आहे. ते पत्र फाडून टाक. किंवा नको, ठेव.

तुझा रागही येतो आहे, हे लिहून ठेवते. का नाही धरलीस वर ती पानं? माझी लाज राखायला गेलीस आणि मामा खाटेवर आहेत. हा राग माझा माझ्यावरच आहे, तुझ्यावर ढकलायची सवय आहे म्हणून इथे आला.

अजून एक आहे. ते तुझ्या ठिपक्यांना सापडलेलं नाही, कारण ते कोणालाच सापडणार नाही.

सोमवार-गुरुवारचे आकडे खरे होते ना? ते शेजारच्या उतरवलेल्या आकड्यांत उंच दिसायला लागले. तीन-चार दिवसांतला कमाल म्हणून थोडा फरक धरला, तरी दरवर्षी थोडे जास्त. एप्रिलमध्ये तर डोळ्यांत भरायचे. मंगळवार, बुधवार जुने आणि मध्येच गुरुवार उडी मारून वर. कोणी विचारलं तर? म्हणून मी तेही खाली आणले. एक अंश, कधी दीड. बरे दिसावेत म्हणून.

तू जे यंत्र लावून, लोकांची बोलणी खाऊन पाच वर्षांत शोधलंस, ते मी माझ्या डोळ्यांनी अकरा वर्षं बघत होते. पेटीचं दार उघडून, वाचून, पारा झटकून खाली आणायचा. मग घरी येऊन वहीतही खाली आणायचा. तापमानवाढ ही थाप आहे असं बाकीचे म्हणतात, त्यांनी निदान पेटीत डोकावलेलं नाही.

पुढे लिहवत नाही.

आत्या


२४ मे

भिंगरे,

काल सभा झाली. मी अध्यक्षांना पत्र देऊन वेळ मागितली होती. त्यांना वाटलं, मी पुन्हा कौतुक करून घ्यायला येते आहे. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती.

सभेआधी मामांकडे गेले. ते घरी आले आहेत. डाव्या हाताने पेला धरतात. सगळं सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मला वाटायचं, मी घरी गेल्यावर तुम्ही चढत असाल. मी तर सगळ्यांना सांगायचो, आमच्या बाई पाय दुखत असला तरी चुकत नाहीत."

मी म्हटलं, "मामा, शिव्या द्या."

ते म्हणाले, "शिव्या काय द्यायच्या, बाई." त्यांची बायको तेवढ्यात पहिल्यांदा बोलली. "ह्यांना जमत नाही. मी देते." आणि दिल्या. मोजून मापून, एकही फुकट नाही. मी खाली मान घालून ऐकल्या. शेवटी ती म्हणाली, "आता हे तिथे जाऊन बोला. माझ्या घरात रडू नका."

मी गेले. दोन पानं शेजारी धरली, सातव्या वर्षाचं आणि सतराव्या वर्षाचं. मोठ्याने वाचली, तारखेला तारीख लावून. पाचव्या ओळीपर्यंत लोकांना वाटत होतं, बाई चुकून एकच पान दोनदा वाचताहेत. मग त्यांच्या लक्षात आलं. तुझे तीन प्रश्न घेतले आणि माझ्याच वहीला विचारले. कोणी मोजलं? कोणीच नाही. कुठे मोजलं? माझ्या बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर. कसं मोजलं? जुन्या वहीत बघून. सोमवार-गुरुवारचंही सांगितलं. तेव्हा मागून कोणीतरी "अरेरे" म्हणालं.

मग पहिली खरी सोळा वर्षं आणि तुझ्या यंत्राची पाच, यांची मे महिन्याची सरासरी फळ्यावर मांडून दाखवली. दीड अंशाचा फरक. बेरीज मी तीनदा तपासली आहे, यावेळी खरंच.

मालक उठले. "बाई, मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" माणूस वाईट, पण प्रश्न चोख. मी म्हटलं, "तेव्हा. आणि आता तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, पानं बघा." वह्या टेबलावर ठेवल्या आणि बसले. लोक एकेक करून येऊन बघून गेले. दुपारचं काम उरलेल्या दिवसांपुरतं बंद ठेवायचं ठरलं आहे. पुढच्या वर्षीचं तेव्हा बघू, असं अध्यक्ष म्हणाले. माझ्या जोरावर यापेक्षा जास्त मागायला मला तोंड नव्हतं.

दादाने माझ्या सांगण्यावरून सगळ्याचा व्हिडिओ काढला. (हो, तुझा बाप आला होता. पाणी न पिता शेवटपर्यंत बसला.) मी तो ग्रूपवर टाकला, जुना व्हिडिओ जिथे जिथे दिसला तिथे टाकला. थेंबाने गेली ती हौदाने येत नाही म्हणतात, ते पाठ होतं, आता कळलं. जुना हजारोंनी पाहिला, नवा एकशे बारा जणांनी. एकाने खाली लिहिलं आहे की ही बाई ती नव्हेच, खऱ्या बाईंना गप्प बसवलं आहे. मी उत्तर दिलं, "मीच ती." तो म्हणाला, "पुरावा काय?" मावसकाकांनी मला खाजगीत लिहिलं, "तुझ्यावर कोणाचा दबाव आहे का?"

मी रोज सकाळी दहा जणांना उत्तर देते. चिडत नाही. तू कशी चिडायची नाहीस, हे आता समजतं. चिडून भागत नाही एवढंच.

मानपत्र उतरवलं. भिंतीवर चौकोन राहिला आहे, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. वह्या तुझ्या हवामान कार्यालयाच्या पत्त्यावर आजच पाठवते आहे, सगळ्या सत्तावीस.

माफ कर असं लिहिणार होते. ते मागायचा हक्क आहे का, ते तू ठरव.

आत्या


१५ जून

भिंगरे,

तुझ्या कार्यालयाचं पत्र आलं. वर "महोदया" असं आहे. वर्ष एक ते सोळा, नोंदी ग्राह्य. वर्ष सतरा ते सत्तावीस, नोंदी अग्राह्य. जुनी पेटी वापरात असल्यास नोंदी कळवाव्यात. खाली सही तुझी. सही ओळखीची वाटली, वरचा मजकूर नाही. चार वेळा उलटून पाहिलं, मागे काही लिहिलं आहे का. नव्हतं.

बरोबर आहे. "महोदया" हेही मला जास्तच आहे. आणि सोळा वर्षं तू ठेवलीस. सगळ्या वह्या केरात टाकल्या असत्यास तरी मी काही म्हणू शकले नसते. त्या सोळांतल्या पुष्कळ ओळी तुझ्या अक्षरातल्या आहेत, हे पाहिलंस ना?

पेटी वापरात आहे. झडपांवर कोळ्यांची जाळी होती, ती काढली. एक दार निखळलं आहे, दादा बसवून देणार आहे. काठी घेऊन चढते, मध्ये दोनदा बसते. चाळीसाव्या पायरीवर मामांची बायको कधी कधी भेटते, तिची गाय तिथे चरते. ती बोलत नाही, पण काल मी उठताना तिने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

या आठवड्याच्या नोंदी. कमाल तापमान, संध्याकाळी साडेपाच वाजता वाचलेलं.

सोमवार, ३९.६
मंगळवार, ४०.१
बुधवार, ४०.४
गुरुवार, —
शुक्रवार, ४०.० (पारा गुरुवारी झटकलेला नव्हता. हा आकडा दोन दिवसांतला कमाल आहे, त्यावर विसंबू नये.)
शनिवार, ३९.८

गुरुवारी गुडघा सुजला होता. चढले नाही.

आत्या